अफूच्या घराण्यातली गोळी

मेंदूभोवती रक्तस्राव झाला, धमनीचा फुटलेला फुगवटा क्लिपने बंद केला, तरी चौथ्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे धास्तीचे. मेंदूच्या धमन्या आवळतात आणि वाचलेल्या रोग्याला पक्षाघात गाठतो. 1951 मध्ये एकर आणि रिमेनश्नायडर यांनी हे आवळणं अँजिओग्राफीत दाखवलं, इथवर सगळं सरळ आहे.

त्यावरची आजची गोळी निमोडिपिन: 60 मिलिग्रॅम, दर चार तासांनी, 21 दिवस. तिचं कुळ अफूचं, असा माझा दावा आहे.

1848 मध्ये जॉर्ज मर्कने अफूतून पॅपावरिन वेगळं काढलं. त्यात मॉर्फिनसारखी नशा नाही, म्हणून ते बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं. पुढे व्हिएन्नाच्या पालने ते अनैच्छिक स्नायू सैल करतं हे ओळखलं. त्याच्याच धाटणीवर नोल कंपनीने व्हेरापॅमिल घडवलं. ते स्नायूपेशीत कॅल्शियम शिरू देत नाही, हे फ्रायबुर्गच्या फ्लेकेनस्टाइनने 1960च्या दशकात ताडलं. याच कसोटीवर बायरचं निफेडिपिन उतरलं आणि निमोडिपिन त्याचं धाकटं भावंड.

रसायनज्ञ इथे हसतील. निफेडिपिनचा सांगाडा 1882 च्या हान्त्श यांच्या कृतीतून येतो, त्यात अफूचा कणही नाही. कबूल, मी रेणूची नव्हे, कल्पनेची वंशावळ मांडतोय. त्याहून बोचरा आक्षेप असा, की फ्लेकेनस्टाइनच्या प्रयोगात व्हेरापॅमिलसोबत प्रेनिलॅमिन हे दुसरं औषधही होतं आणि त्याचा अफूशी संबंध नाही. पण ते पुढे बाजारातून गेलं. कुळाला नाव मागे उरलेल्याचंच लागतं!

गंमत म्हणजे 1990च्या दशकात आजोबा परतले. डॉक्टर कॅथेटरने पॅपावरिन थेट आवळलेल्या धमनीत सोडू लागले. धमनी उघडायची, पण काही तासांपुरतीच. मग व्हेरापॅमिलही त्याच वाटेने गेलं.

नातवाची चाल मात्र निराळी. 1989 च्या ब्रिटिश चाचणीत, 554 रोग्यांत, निमोडिपिनमुळे मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण 33 वरून 22 टक्क्यांवर आलं. तरीही अँजिओग्राफीत धमन्या फारशा रुंदावलेल्या दिसत नाहीत. उलट क्लाझोसेंटान या दुसऱ्या औषधाने धमन्या मोकळ्या ठेवल्या, पण 2011 च्या मोठ्या चाचणीत रोग्यांची स्थिती सुधारली नाही. काहींच्या मते निमोडिपिन चेतापेशींनाच कॅल्शियमच्या लोंढ्यापासून वाचवतं. मला वाटतं, ते अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक धमन्या सैल करत असणार. तसं असेल तर पॅपावरिनचा गुण नातवात उतरलाच आहे.