घरी पाहिलेला चित्रपट आणि मराठवाडी प्रेक्षकाची अभिप्रायभाषा

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक निर्माते, दिग्दर्शक आणि नट यांचा विचार करतात; फार तर समीक्षकांची मते नोंदवितात. चित्रपट संपल्यावर उशी सरकवीत घरातला मनुष्य जे एक वाक्य उच्चारतो, ते मात्र कोठेही लिहून ठेवले जात नाही. वस्तुतः नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत चित्रपट घरात कसा शिरला, याचा बराचसा इतिहास अशा वाक्यांतील क्रियापदांत साठलेला आहे.

टाकीजच्या काळाचे क्रियापद 'लागणे' हे होय. 'टाकीजला पिच्चर लागला' या वाक्यात कर्ता माणूस नाही. पाऊस लागावा किंवा यात्रेचे वेध लागावेत, तसा पिच्चर लागे. प्रेक्षकाने जावे किंवा न जावे, एवढेच त्याच्या हाती. तिकीट काढलेले असल्याने अभिप्रायाचे मापही पैशाचे : 'पैसे वसूल' अथवा 'पैसे पाण्यात'.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. परंतु त्याचे प्रक्षेपण मराठवाड्यापर्यंत पोचण्यासारखे नव्हते. 1983 साली 'इन्सॅट-1बी' हा उपग्रह अवकाशात गेला आणि 1984 पासून देशभर लघुक्षमतेची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, तेव्हा लहान शहरांतील घरांत दूरचित्रवाणी आली. लातूर त्या वेळी नुकताच, 16 ऑगस्ट 1982 रोजी, उस्मानाबादेपासून वेगळा झालेला जिल्हा होता. ही लघुक्षमतेची केंद्रे प्रामुख्याने दिल्लीचे कार्यक्रम दाखवीत. त्यामुळे घरात आलेला पहिला चित्रपट बहुधा रविवार संध्याकाळचा हिंदी चित्रपट असे. रविवारी दुपारी बंगाली, मल्याळम इत्यादी भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह लागत. त्यांच्या वाट्याला येणारा अभिप्राय बहुधा जांभईचा. क्रियापद तेच राहिले : 'टीव्हीला पिच्चर लागला'. निवड अजून दुसऱ्याचीच होती. शिवाय संच गल्लीतल्या एखाद्याच घरी असे. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या घरचा चहा घेऊन, चित्रपटाला वाईट कोण म्हणणार? 'बरा होता' हा त्या काळचा अभिप्राय रसिकतेपेक्षा शेजारधर्माचा मानला पाहिजे.

खरा पालट व्हिडिओ कॅसेटने घडविला. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत संचांबरोबर व्ही.सी.आर.चाही प्रसार झाला. वर्गणी काढून एका रात्रीसाठी यंत्र भाड्याने आणावे आणि दोन-तीन चित्रपट लागोपाठ पाहून पहाटे परत करावे, ही रीत पडली. येथे अकर्मक 'लागणे' मागे पडून सकर्मक 'लावणे' पुढे आले : 'पिच्चर लावला'. आणि कर्ता आला की दोषही आलाच. 'कुणी लावला रे ह्यो?' हा प्रश्न चित्रपटावरचा अभिप्राय आहे आणि कॅसेट निवडणाऱ्यावरचा ठपकाही. पैशाच्या मापाशेजारी झोपेचे माप आले : 'झोप फुकट गेली'.

त्याहून अर्थपूर्ण क्रियापद म्हणजे 'पळवणे'. टाकीजमध्ये कंटाळलेल्या प्रेक्षकाला शिट्टी वाजविता येई किंवा उठून जाता येई. घरी त्याला चित्रपटच पळविता येऊ लागला. आजीने 'ती मारामारी पळव' म्हणावे, नातवाने 'गाणं पळव' म्हणावे, आणि नायक-नायिका जवळ येताच कोणी काही न बोलता वडिलांनी पळवावे. टाकीजमध्ये ज्या स्त्रियांचे मत कोणी विचारीत नसे, त्यांना या एका आज्ञार्थी शब्दाने अंमलबजावणी होणारे मत मिळाले. 'पळवत पळवत बघितला' एवढ्यात पुरती समीक्षा सामावते.

आणखी एक गोष्ट भाषाभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. येथील प्रेक्षक हिंदी चित्रपट पाहून मराठीत मत देई. परंतु 'आपल्यातला वाटत नाही' हा शेरा हिंदीपेक्षा मराठी चित्रपटाला मिळण्याचा संभव अधिक होता. कारण उघड आहे. 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या या भागाला उर्दू परकी नव्हती, आणि दखनी आजही बाजारात कानी पडते. मराठी पडद्यावर मात्र एकतर शहरी प्रमाणभाषा असे, नाहीतर कोल्हापूर-साताऱ्याकडच्या बोलीवर बेतलेली 'ग्रामीण' भाषा. लातूरकडचे 'काय करूलालास' किंवा नांदेडचे 'काय करायलास' तेथे क्वचितच ऐकू येई. 2016 च्या 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची, म्हणजे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, बोली आली, तेव्हा 'आपल्यासारखंच बोलतात' हे कौतुक घरच्या अभिप्रायात ऐकू येणे स्वाभाविक होते. तरी त्यातला 'सारखं' दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याआधी, 2014 साली, लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांच्या चित्रपटाचे नावच 'लय भारी' होते. प्रेक्षकाने शेवटी द्यायचे मत निर्मात्यांनी आधीच देऊन ठेवले, असे विनोदाने म्हणता येईल.

उपग्रह वाहिन्यांनी हिंदीत ध्वनिमुद्रित केलेले तेलुगू चित्रपट घरोघर आणले. 'बाहुबली'तील प्रभासला शरद केळकर यांनी आणि 'पुष्पा'तील अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांनी हिंदी आवाज दिला. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू जाणणारी घरे आहेत. तेथे 'बोलणं तोंडाशी जुळत नाही' ही तक्रार केवळ डोळ्यांची न राहता कानांचीही होते.

आता चित्रपट हातातल्या फोनवर आला आहे. कानात यंत्र घालून एकेकट्याने पाहिलेल्या चित्रपटाविषयी 'बघून टाकला' असे म्हटले जाते; जेवण उरकावे तसे. ज्याला उद्देशून मत द्यायचे, तो श्रोता शेजारी उरलेला नाही, आणि आजीचा आज्ञार्थही ऐकायला कोणी नाही. शब्द तेवढा टिकला आहे. पडद्याच्या कडेला बोट दोनदा टेकवून दहा सेकंद पुढे जाण्याला, कॅसेट कधी न पाहिलेली मुलेही 'पळवणे'च म्हणतात.