कोरड्या मुलखांतील ओली वेल

सोलापूरची हवा कोरडी आहे हें सोलापूरकरांस सांगावयास नको. वर्षाचा पाऊस साडेपांचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास आणि वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर. अशा गांवीं सह्याद्रीच्या ओलसर राईंत वाढणारी, अळूच्या कुळांतील वेल लावूं म्हणणाऱ्यास शेजारी हंसतील. परंतु या हौसेमागें मोठा इतिहास आहे.

ती वेल म्हणजे गणेशकांदा. कोवळेपणीं तिचें पान अखंड असतें. वेल वृक्षावर चढूं लागली कीं तें मोठें होतें व त्यास भोंकें आणि चिरा पडतात. १७९३ ते १८१३ पर्यंत कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या विल्यम रॉक्सबर्गनें तिला दिलेल्या लॅटिन नांवाचा अर्थही 'भोंकें पडलेली' असाच आहे. ही बांडगुळासारखी परपोषी नव्हे. ती वृक्षाचा केवळ आधार घेते; पेरापेरांतून सुटणारीं मुळें सालीला घट्ट धरतात व हवेंतील ओल टिपतात. म्हणूनच जमिनीपेक्षां हवेचा प्रश्न तिला अधिक जाचतो.

हा प्रश्न युरोपांत सुटला तो योगायोगानें. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेंतील नेचे शहराच्या धुरानें मरत. १८२९ सालीं त्यांनीं पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बाटलींत बंद करून ठेवला. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून नेचा उगवला! मातींतील पाणी वाफ होऊन कांचेवर जमे व पुनः मातींत उतरे. १८३३ सालीं अशा कांचेच्या पेट्यांतून रोपें सिडनीपर्यंत सुखरूप पोंचलीं. पुढें चिनी चहाचीं रोपें याच उपायानें हिमालयाच्या उतारांवर आलीं, आणि उष्ण कटिबंधांतील वेली थंड देशांच्या दिवाणखान्यांत नांदूं लागल्या.

परंतु आपल्या पानमळेवाल्यांना यांतील मर्म पूर्वापार ठाऊक होतें. नागवेल अळूच्या कुळांतील नव्हे, मिरीच्या. तरी तिचीही गरज तीच. त्यांनीं कांच वापरली नाहीं. शेवरी, पांगारा, शेवगा यांची दाट सावली केली, वारा अडविला, पाण्याच्या पाळ्या चुकविल्या नाहींत, आणि उंच गेलेली वेल उतरवून तिचें खोड मातींत पुरलें, म्हणजे तिला नवीं मुळें फुटत. देशावरच्या उन्हांत त्यांनीं ओल्या मुलखाचा एक तुकडाच उभा केला.

गणेशकांद्यासाठीं हाच धडा गिरवावा. पूर्वेचा पडवीचा कोपरा निवडावा. पश्चिमेचें ऊन व झळा टाळाव्या. नारळाच्या काथ्यानें गुंडाळलेला खांब कुंडींत रोवावा व काथ्या ओला ठेवावा, कारण वरचीं मुळें तेथूनच पितात. कुंडींत नुसती काळी माती नको. ती पाणी धरून मुळें कुजविते. सालीचे तुकडे, कोळसा, काथ्याचा भुसा व शेणखत यांचें भुसभुशीत मिश्रण करावें. भोंवतीं इतर कुंड्या दाटीनें मांडाव्या, म्हणजे एकीचा ओलावा दुसरीस मिळतो. एक पेर व एक मूळ असलेला तुकडा पावसाळ्याच्या आरंभीं लावल्यास सहसा जगतो. अळूप्रमाणेंच हिच्या रसानेंही खाज सुटते. छाटतांना हात जपावे, मुलांस दूर ठेवावें.

पाण्याचें काय? १८७६-७८ व १९७२ चे दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यांत हा प्रश्न अनाठायीं नाहीं. भाज्या-डाळी धुतलेलें पाणी या कुंडीस पुरतें. शौकासाठीं शेजाऱ्याची घागर रिकामी राहूं नये.

आणखी एक गोष्ट. दुर्मिळ पानांच्या वेलींस आज शहरांत मोठी किंमत येते, आणि किंमत आली कीं रानांत कोयता शिरतो. वृक्षावर कित्येक वर्षें चढत गेलेली वेल ओरबाडून आणली, तर ती बहुधा इथें मरते आणि तिथेंही उरत नाहीं. तुकडा मागावा तो ज्याच्या घरीं ती वाढली आहे त्याच्याकडे, आणि आपली वाढली म्हणजे एक पेर पुढच्यास द्यावें. पानमळ्याचें बेणेंही असेंच एका मळ्यांतून दुसऱ्या मळ्यांत गेलें आहे.