जोत, टिलर आणि रान: लहान जमिनीच्या यंत्राचा इतिहास

जुनं यंत्र दुरुस्त करायचं आणि त्यानं गवत कापायचं, हा आजचा विषय. तो कळल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलंच, की अहो, आपल्या सिंधुदुर्गात लॉन आहे कुणाच्या दारात? प्रश्न बरोबर आहे. आपल्या दारात खळं असतं, शेणानं सारवलेलं, आणि त्यावर आपण गवताची काडी ठेवत नाही. पण खळ्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. काजूची बाग आहे, आंब्याची कलमं आहेत, आणि जिथं एके काळी भात होत होतं असे पडीक मळे आहेत. पावसात तिथं कमरेएवढं रान वाढतं. ते वेळेत कापलं नाही तर पायाखाली फुरसं आलं तरी दिसत नाही, आणि पुढे उन्हात ते रान वाळलं की वणव्याची धास्ती. दुसरीकडे लोक शोभेसाठी गवत कापतात, आपल्याला जिवासाठी आणि बागेसाठी कापावं लागतं.

आम्ही काही जणांनी मालवण तालुक्यातला एक जुना पॉवर टिलर भंगारात जाता जाता थांबवला, चालू केला आणि त्याला या कामाला लावलं. ते कसं केलं हे सांगतोच. पण हे यंत्र आपल्याकडे का आलं, आणि मोठा ट्रॅक्टर आपल्या मळ्यांत का उतरला नाही, हे आधी बघू. ते कळल्याशिवाय त्या गंजलेल्या लोखंडाची किंमत कळत नाही.

गवत कापायच्या यंत्राचा जन्म इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावचा. एडविन बडिंग नावाचा कारागीर कापड गिरण्यांच्या भागात काम करत होता. लोकरी कापडावरचे तंतू सारखे कापणारं एक फिरत्या पात्यांचं यंत्र तिथं असायचं. तेच तत्त्व त्यानं गवताला लावलं आणि १८३० साली पेटंट घेतलं. पुढे इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनं १८३२ पासून ही यंत्रं बनवायला घेतली. मोठं यंत्र ओढायला घोडा लागायचा, आणि खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट चढवायचे. १९०२ साली त्याच कंपनीनं पेट्रोल इंजिनाचं यंत्र काढलं. अमेरिकेत बेंजामिन ग्रेव्हली नावाच्या फोटोग्राफरनं १९१६ साली मागून चालत हाकायच्या मोटर नांगराचं पेटंट घेतलं, आणि १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरनं कब कॅडेट हा बसून चालवायचा बागेचा ट्रॅक्टर बाजारात आणला. तिकडे आज हे जुने ट्रॅक्टर हौसेनं दुरुस्त करणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या लेखी ते आजोबांच्या घराची आठवण असतं. आपल्याकडे त्या जागी कुठलं यंत्र आहे, असं विचारलं तर उत्तर एकच येतं: पॉवर टिलर.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. इथं एकीकडे डोंगरउताराची भरड, दुसरीकडे वहाळाच्या कडेचे मळे, आणि दोन्हीकडे लहान लहान कुणगे. एका कुणग्यातून दुसऱ्यात जायचं तर मेर ओलांडायची. शेतकरी काय करायचा? लाकडी नांगर खांद्यावर टाकायचा, बैलांना पुढे घालायचा आणि मेरेवरून पलीकडे उतरायचा. हलका नांगर ही काही गरिबीची खूण नव्हती. खांद्यावर उचलता येणं हीच त्या अवजाराची मुख्य अट होती.

घाटावर गोष्ट वेगळी होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते अशी लोकांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला नांगर पडून राहिले. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर देशावर सगळीकडे गेला. काळ्या, खोल जमिनीला तो हवाच होता. आपल्या चिखलणीच्या कुणग्यात त्याचं वजनच आड आलं.

ट्रॅक्टरचंही तेच. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीनं ट्रॅक्टर कंपनी काढली. हरित क्रांतीच्या वर्षांत पंजाब-हरियाणाचं चित्र ट्रॅक्टरनं बदललं. पण दीड-दोन टनांचं ते धूड आपल्या मळ्यात आणायचं कुठून? वाट पाणंदीची, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. आणलंच, तर वळवायचं कुठे? आणि चिखलात रुतलं तर काढायचं कुणी?

लहान जमिनीसाठी लहान यंत्र हवं, हा विचार जगात दोन-तीन ठिकाणी पुढे गेला. ऑस्ट्रेलियात गिलगांड्रा इथं आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणानं १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करायचे प्रयोग केले. नांगर माती उलटतो, त्याऐवजी पाती फिरवून ती कुटायची, ही कल्पना. आज टिलरच्या मागे जो रोटर असतो त्याचं तत्त्व हेच.

पण भातशेतीला हे यंत्र खऱ्या अर्थानं बसवलं ते जपानी लोकांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून तिथं जमीन सुधारणा झाल्या. कुळं मालक झाली, प्रत्येकाकडे थोडी थोडी भातजमीन आली. त्या तुकड्यांना पुरेल असं, एका माणसानं मागून चालत हाकायचं यंत्र तिथं घरोघर गेलं. १९५५ साली जपानमध्ये असे टिलर लाखाच्या आत होते. १९६५ पर्यंत ते वीस लाखांच्या वर गेले. दहा वर्षांत!

इथं थोडं थांबून आपल्याशी तुलना करू. आपल्याकडेही साधारण त्याच सुमारास हे घडलं. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. कागदावर कसणारा मालक झाला. पण जपानमध्ये जमीन आणि यंत्र जवळजवळ हातात हात घालून आले. आपल्याकडे जमीन आली, यंत्र मागे राहिलं, आणि मधल्या काळात माणूस मुंबईला गेला.

गिरणगाव कोकणी माणसानं भरलेलं होतं हे वेगळं सांगायला नको. गावात म्हातारे, बायका आणि बैल. मनीऑर्डर यायची, त्यावर गड्याची मजुरी भागायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ही व्यवस्थाच खिळखिळी झाली. काही माणसं परत आली, पण त्यांची मुलं जोतामागे चालायला तयार नव्हती. बैल वर्षभर पोसायचे आणि राबवायचे जेमतेम दोन महिने, हा हिशेब कुणालाच परवडेना. गोठे रिकामे होत गेले.

या रिकाम्या जागेत टिलर आला. बंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ ची, मित्सुबिशीच्या तंत्रावर. केरळ सरकारची कॅम्को १९७३ ची, कुबोटाच्या तंत्रावर. दोन्हीकडचा भातपट्टा आपल्यासारखाच. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं, आणि लहान भातखाचरांना कोणतं अवजार चालेल हा तिथल्या अभ्यासाचाही विषय झाला. सरकारी अनुदान मिळू लागलं तसे गावागावांत टिलर दिसू लागले. एकानं घ्यायचा आणि वाडीतल्या सगळ्यांचे कुणगे तासाच्या भाड्यानं नांगरून द्यायचे, अशी पद्धत पडली. पूर्वी बैलजोडी अशीच फिरायची. म्हणजे यंत्र बदललं, पण वाडीचा व्यवहार बराचसा तोच राहिला.

हे यंत्र आहे तरी काय? एक आडवं, एका सिलिंडरचं, पाण्यानं गार होणारं डिझेल इंजिन, ताकद साधारण १२ हॉर्सपॉवर. व्ही-बेल्टवरून गिअरबॉक्सला जोर जातो. मागे रोटर, चिखलात लोखंडी चाकं, एरवी रबरी. मागे ट्रॉली जोडली की चिरे, शेणखत, वऱ्हाडी, काहीही चालतं. वळवायला स्टिअरिंग नाही, दोन मुठींना दोन क्लच. डावा क्लच दाबला की डावं चाक सुटतं आणि यंत्र डावीकडे वळतं. पण उतारावर? उतारावर सुटलेलं चाक वजनानं जास्त पळतं आणि यंत्र उलट्या दिशेला वळतं! हे ज्याला ठाऊक नाही त्यानं कोकणातल्या घाटीत टिलर घालू नये. ही गोष्ट माणूस जुन्या चालवणाऱ्याच्या मागे चार दिवस चालून शिकतो. इतिहास म्हणजे काय, तर अशा गोष्टीही.

आता आमच्या टिलरकडे. तो एका पडवीच्या बाहेर बरीच वर्षं पावसात उभा होता. सायलेन्सरच्या तोंडातून पाणी आत गेलेलं, पिस्टन लायनरला धरून बसलेला. खाऱ्या हवेनं रेडिएटरची जाळी हातात भुगा होऊन यायची. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेलेला.

दुरुस्तीला मिस्त्री मिळाले ते होड्यांच्या मशिनी करणारे. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातलं इंजिन जिवंत ठेवणं हा ज्यांचा जन्माचा धंदा, त्यांना गंजाची भाषा कळते. त्यांची रीत अशी, की आधी नुसतं बघायचं, मग ऐकायचं, आणि पानो सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. हेड उघडून सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल भरून ठेवलं आणि आठवडाभर हात लावला नाही. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकत पिस्टन सोडवला. घाई करून घण मारला असता तर पिस्टन फुटला असता. लायनर आणि रिंगा नव्या टाकल्या, व्हॉल्व्ह घासले, नोझल तपासून आणलं. डिझेलच्या टाकीतल्या गंजाच्या खपल्या काढायला टाकीत मूठभर खडे घालून ती हलवत बसलो. एक बुश कुठेच मिळेना, तो लेथवर करून घेतला.

सगळं जोडल्यावर डिझेलच्या नळीतली हवा काढली. मग डीकम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट जातं. हेही कुठल्या पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही.

गवतासाठी रोटर काढला आणि पुढे कात्रीसारखी सरकणारी पाती बसवली, जशी भातकापणीच्या यंत्राला असतात. पाती जमिनीपासून वीतभर वर ठेवली, कारण आपल्याकडे गवताखाली जांभ्याचा दगड असतोच. कापायच्या आदल्या दिवशी बाग पायाखाली घालून दगड वेचायचे. कापलेलं गवत काजूच्या बुंध्याशी आच्छादनाला जातं, राहिलेलं शेजाऱ्याच्या गुरांना. उतारावर आणि गडग्याच्या कडेला मात्र आम्ही खांद्यावरचा ग्रास कटरच वापरतो. टिलरनं सगळं होतं असं सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही.

रंगाबद्दल आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, मूळ रंग देऊन नवाकोरा दिसू दे. शेवटी आम्ही ठरवलं की गंज थांबवायचा, पण जुनी ठिगळं झाकायची नाहीत. मडगार्डला कुणीतरी पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला आहे. मुठीला सायकलच्या ट्यूबची गुंडाळी आहे. एका नटाच्या जागी होडीच्या मशिनीचा नट आहे. मंडळी, हे सगळे दस्तऐवज आहेत. कुणाच्या हातात पैसे नव्हते, कुठला सुटा भाग मिळत नव्हता, आणि तरी लावणी थांबू द्यायची नव्हती, हे त्या ठिगळांवर लिहिलेलं आहे. आपण ताम्रपट जपतो, मोडीतली दफ्तरं जपतो, आणि ते योग्यच आहे. पण कष्टकऱ्याचं दफ्तर बहुतेक वेळा लोखंडाचं असतं आणि ते किलोच्या भावानं विकलं जातं. म्हणून आम्ही एक वहीही ठेवली: कोणता भाग कधीचा, कुणाकडून शिकून बसवला, चालवताना काय सांभाळायचं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते, ती सांगून संपवतो. हे यंत्र चिखल करायला आलं होतं. याच टिलरनं ज्या मळ्यात तरव्यासाठी जमीन तयार केली, त्याच मळ्यात आज तो रान कापतोय, कारण तिथं आता भात होत नाही. यंत्र परत चालू झालं, शेत नाही झालं. तेव्हा आम्ही त्याचा रोटर विकलेला नाही. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. चार नट काढले की तासाभरात तो परत बसतो. तुमच्यापैकी कुणाला पुढच्या मिरगाला एखादा पडीक कुणगा लावायचा असेल, तर टिलर आमच्याकडे आहे, आणि हँडल कसं मारायचं ते शिकवणारे मिस्त्रीही अजून आहेत. ते आहेत तोवर या, एवढीच विनंती.