चोचींचा अर्थ लावणारे मास्तर

फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि डार्विनना उत्क्रांती सुचली, असे आपण वर्गात सांगून मोकळे होतो. प्रत्यक्षात १८३५ साली गॅलापागोस बेटांवर कोणता फिंच कोणत्या बेटावरचा, याची नोंदही त्यांनी नीट ठेवली नव्हती. चोचींचा उलगडा केला तो डेव्हिड लॅक या इंग्लंडमधील शाळामास्तरांनी.

डार्टिंग्टन हॉल शाळेत शिकवताना लॅक रॉबिन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालत आणि एकेका पक्ष्यावर लक्ष ठेवत. १९३८-३९ मध्ये रजा काढून ते गॅलापागोसला गेले. चोचींतील फरक आपल्या जातीचा जोडीदार ओळखण्यापुरता असावा, असे त्यांनी आधी लिहिले. पुढे माहितीचा पुन्हा विचार केल्यावर त्यांना पटले, की एकाच बेटावरील जातींच्या चोची वेगवेगळ्या अन्नाला साजेशा असतात. त्यामुळे खाण्यासाठीची चढाओढ कमी होते. १९४७ च्या ‘डार्विन्स फिंचेस’ या पुस्तकात त्यांनी हे नवे मत मांडले.

पाठ्यपुस्तकात उरते ते शेवटचे उत्तर. ते का बदलावे लागले, हेही मुलांना सांगूया.