दरवेशी

मराठीत ‘दरवेशी’ म्हटले की अस्वल खेळवणारा आठवतो. मूळ फारसी ‘दरवेश’चा अर्थ मात्र निर्धन, फकीर; पारशी धर्मग्रंथ अवेस्तातला ‘द्रिगु’, म्हणजे गरीब, हे त्याचे जुने रूप. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशींमध्ये ‘वाघवाले शाह’ आणि ‘अस्वलवाले’ येतात. ‘शाह’ ही फकिरांचीही उपाधी. १९९८च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वलाच्या खेळांवर बंदी आली.

सूफी परंपरेत दारिद्र्य हे भूषण मानले जाते. मुंबईत माहीमला याच परंपरेतल्या मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे हे सूफी विद्वान १४३१मध्ये निवर्तले. त्यांच्या उरुसात पहिला संदल (चंदन अर्पण करण्याची मिरवणूक) मुंबई पोलिसांचा असतो. ‘दरवेशी’ शब्द उच्चारताना अस्वलाआधी हा फकिरीचा वारसा आठवावा.