पोथी ते ई-पुस्तक : वाचता येणं महत्त्वाचं

आपण आज धाराशिवमध्ये बसलो आहोत. याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. काकांचे अभंग मुखातून वहीत, वहीतून छापील गाथेत उतरले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले. ग्रंथ टिकतो तो उतरवून घेणाऱ्यांमुळे.

आता दुसरी बाजू पाहू. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या शाबूत होत्या, पण पंथाबाहेर त्या कुणाला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते दालन खुलं झालं.

आमचंही तसंच झालं. तत्त्वज्ञानाची टिपणं आम्ही जुन्या फाँटमध्ये टंकली होती. आज फाईल उघडते, पण दिसते नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आम्ही तिकडे फार उशिरा वळलो.

ई-पुस्तकांचं हेच आहे. पीडीएफचं पान ठरलेलं, त्यामुळे मोबाइलवर अक्षर बारीक होतं. ईपबचा मजकूर पडद्याप्रमाणे मांडला जातो. किंडलचं मोबी आता मागे पडलं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं मोफत कॅलिबर एका रूपातून दुसऱ्यात नेतं, संग्रहाची सूचीही ठेवतं. पण आतला मजकूरच जुन्या फाँटचा असेल, तर रूपांतरानंतरही खिचडीच उरते.

म्हणून युनिकोडमधली ईपब प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून पाहा. नुसतं जपून भागत नाही. वाचताही आलं पाहिजे.