२१० अश्वशक्तीचे मोल : पोर्शे कॅरेरा आरएस आणि किमतीचा जुना वाद

#धागा #इतिहास

१/ एखाद्या नामांकित स्पोर्ट्स कारची अधिक वेगवान आणि अधिक महाग आवृत्ती बाजारात आली की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : वाढीव कामगिरीच्या मानाने ही वाढीव किंमत रास्त आहे का? हा वाद आजचा नाही. त्याचे बहुतेक सर्व मुद्दे अर्ध्या शतकापूर्वी एका गाडीने ऐरणीवर आणले होते. ती गाडी म्हणजे ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सादर झालेली पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७.

२/ प्रथम किंमत पाहू. पश्चिम जर्मनीत या गाडीची मूळ किंमत ३४,००० मार्क होती. त्या वर्षी तेथील विमाधारक कामगार-कर्मचाऱ्याचे सरासरी वार्षिक वेतन करपूर्व १६,००० मार्कांच्या आसपास होते. म्हणजे सामान्य नोकरदाराची दोन वर्षांची संपूर्ण मिळकत एका दोन दारांच्या गाडीत जात होती, आणि त्या गाडीत मागच्या बाजूला बसायला जागाही मिळेलच असे नव्हते.

३/ ही गाडी जन्माला का आली, हे कळल्याशिवाय तिच्या किमतीचा न्याय करता येत नाही. पोर्शेच्या ९१७ या महाकाय इंजिनाच्या शर्यती गाडीने १९७० आणि १९७१ साली ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली होती. परंतु १९७२ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलले, प्रोटोटाइप गाड्यांच्या इंजिनावर ३ लिटरची मर्यादा आली आणि ९१७ विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेतून बाहेर पडली.

४/ त्याच सुमारास कंपनीच्या घरातही स्थित्यंतर चालले होते. पोर्शे आणि पिएख कुटुंबांतील मंडळी दैनंदिन कारभारातून दूर झाली आणि १९७२ मध्ये सूत्रे एर्न्स्ट फुरमान यांच्याकडे आली. फुरमान मूळचे इंजिनतज्ज्ञ. १९५० च्या दशकात त्यांनी आखलेल्या चार कॅमशाफ्टच्या इंजिनावर पोर्शे ५५० स्पायडरने मेक्सिकोतील ‘कॅरेरा पानामेरिकाना’ ही खडतर शर्यत गाजवली होती. १९५४ साली ती छोटी गाडी तेथे एकूण क्रमवारीत तिसरी आली. ‘कॅरेरा’ हे नाव त्याच शर्यतीवरून घेतलेले.

५/ फुरमान यांचे धोरण सुटसुटीत होते. केवळ शर्यतीसाठी खर्चिक यंत्रे घडवत बसण्यापेक्षा ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या ९११ लाच शर्यतीत उतरवायचे. अडचण अशी की साध्या ९११ चे वजन, इंजिनाचे आकारमान आणि चाकांची रुंदी प्रतिस्पर्ध्यांशी टक्कर देण्यास अपुरी होती. आणि शर्यतीच्या गाडीत नियमांच्या चौकटीबाहेर जाऊन मनाला येतील ते बदल करता येत नव्हते.

६/ येथे ‘होमोलोगेशन’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. एखादी गाडी ठराविक गटात शर्यतीस पात्र ठरण्यासाठी तिच्या किमान ठराविक संख्येच्या प्रती बांधल्या गेल्या पाहिजेत, हा तो नियम. तो मोडून केवळ दोन-चार खास गाड्यांवर विजय मिळवता येऊ नये, हा हेतू. ‘गट ४’ या विशेष ग्रँड टुरिंग वर्गासाठी ही संख्या ५०० होती.

७/ म्हणजेच शर्यतीत हवा असलेला प्रत्येक मूलभूत बदल आधी रस्त्यावरच्या ५०० गाड्यांत करणे भाग होते, आणि त्या ५०० गाड्यांना ५०० गिऱ्हाइके शोधणेही भाग होते. कॅरेरा आरएस ही अशा रीतीने नियमाच्या पोटी जन्मली. ‘आरएस’ म्हणजे ‘रेनस्पोर्ट’, अर्थात शर्यतीचा खेळ.

८/ विक्री विभागाला धाकधूक होती. ९११ एस ही त्या मालिकेतील सर्वांत वरची गाडी आधीच महाग होती. तिच्याहून अधिक किंमत मोजून कमी सुखसोयींची गाडी ५०० माणसे विकत घेतील, यावर कंपनीतच अनेकांचा विश्वास बसत नव्हता.

९/ अभियंत्यांनी काय केले? सिलिंडरचा व्यास ८४ वरून ९० मिलिमीटरवर नेला. पिस्टनचा फेरा तसाच ठेवला. इंजिन २,३४१ घन सेंटिमीटरवरून २,६८७ वर गेले आणि शक्ती १९० वरून २१० अश्वशक्तीवर. पातळ झालेल्या सिलिंडरच्या भिंती टिकाव्यात म्हणून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप वापरला. हे तंत्र ९१७ च्या शर्यतींत तावून सुलाखून निघालेले होते.

१०/ वजनाच्या बाबतीत तर अक्षरशः झडती घेण्यात आली. पत्रा पातळ, काचा पातळ, मागची आसने गायब, घड्याळ गायब. दार ओढून घेण्यासाठी साधा पट्टा. ‘स्पोर्ट’ रूपातील गाडीचे वजन ९६० किलो भरले. सुखसोयी परत बसवलेल्या ‘टुरिंग’ रूपाचे १,०७५ किलो, म्हणजे जवळपास ९११ एस इतकेच.

११/ गाडीची खरी ओळख ठरली ती मागच्या झाकणावरची उंचावलेली कड. जर्मन लोकांनी तिला ‘ब्युर्त्सेल’ म्हटले. बदकाच्या शेपटासारखी दिसते, म्हणून. वेगात ९११ चा मागचा भाग हवेमुळे उचलला जाई आणि चाकांची पकड सैल होई. हेर्मान बुर्स्ट, टिलमान ब्रोडबेक आदी अभियंत्यांनी वातबोगद्यात आणि चाचणीपथावर प्रयोग करून हा उपाय काढला. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्जही दाखल झाला.

१२/ मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद : पुढे ६ इंच, मागे ७ इंच. त्यांना सामावण्यासाठी मागचे मडगार्ड फुगवले. आज वेगवान गाड्यांत ही गोष्ट नित्याची आहे. तेव्हाच्या पोर्शेच्या रस्त्यावरील गाड्यांत ती नवी होती. शर्यतीच्या गाडीला आणखी रुंद चाके लावण्याची वाट यामुळेच मोकळी झाली.

१३/ आता कामगिरीचा ताळेबंद. स्पोर्ट रूपाचा सर्वोच्च वेग ताशी २४५ किमी, शून्यापासून ताशी १०० किमी गाठण्यास ५.८ सेकंद. टुरिंगचा वेग ताशी २४० किमी, वेळ ६.३ सेकंद. ९११ एसचा सर्वोच्च वेग ताशी २३० किमी. कागदावर पाहता ९११ एस आणि टुरिंग यांच्यातील अंतर ताशी अवघे १० किलोमीटर.

१४/ सर्वोच्च वेगापेक्षा अधिक बोलका आकडा म्हणजे एका अश्वशक्तीमागे ओढावे लागणारे वजन. ९११ एसमध्ये ते सुमारे ५.७ किलो, टुरिंगमध्ये ५.१, स्पोर्टमध्ये ४.६. म्हणजे एसपासून स्पोर्टपर्यंतच्या सुधारणेपैकी साधारण निम्मा वाटा इंजिनाचा आणि निम्मा काढून टाकलेल्या सामानाचा. ग्राहकाने जे पैसे मोजले त्यांतील बराच भाग ‘नसण्या’साठी होता.

१५/ आणि इथेच या कथेतील सर्वांत बोधक विसंगती आहे. स्पोर्ट पॅकेजसाठी ७०० मार्क अधिक द्यावे लागत. टुरिंगसाठी, म्हणजे काढलेले सामान परत बसवून घेण्यासाठी, २,५०० मार्क. तरीही ग्राहकांनी काय निवडले? एकूण १,५८० गाड्यांपैकी १,३०८ टुरिंग आणि केवळ २०० स्पोर्ट. उरलेल्यांत ५५ शर्यतीच्या आरएसआर आणि १७ मूळ होमोलोगेशन रूपातील.

१६/ दुसऱ्या शब्दांत, रस्त्यासाठी गाडी घेणाऱ्या दर १०० ग्राहकांपैकी सुमारे ८७ जणांनी हलकेपणावर जादा पैसे देऊन पाणी सोडले. नियमाच्या समाधानासाठी आधी हलक्या रूपात वजनकाट्यावर चढवलेल्या गाड्या पुन्हा कारखान्यात येत आणि तेथे त्यांना गालिचे व आसने चढवली जात. केवळ सेकंदांचा हिशेब करणारा ग्राहक असा वागला नसता.

१७/ मग ही माणसे काय विकत घेत होती? उत्तर १९७३ च्या शर्यतींनी दिले. फेब्रुवारीत डेटोनाची २४ तासांची शर्यत पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी आरएसआर घेऊन जिंकली. मे महिन्यात सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरील तार्गा फ्लोरिओ हेर्बर्ट म्युलर आणि खाइस फान लेनेप यांनी जिंकली. विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील ती शेवटची तार्गा फ्लोरिओ ठरली.

१८/ जिंकणारी गाडी आणि दाराशी उभी असलेली गाडी एकाच कुळातील, हे नाते इतर महागड्या गाड्यांत जाहिरातीपुरते असे. इथे ते कायद्याने बांधलेले होते : दारातली गाडी नसती तर पथावरची गाडीही त्या रूपात उभी राहिली नसती. ग्राहक एका अर्थी शर्यतीच्या खर्चात भागीदार होता. हे मूल्य सेकंदांत मोजता येत नाही, पण म्हणून ते काल्पनिकही ठरत नाही.

१९/ बाजाराचा कौल तर स्पष्टच होता. नोव्हेंबर १९७२ संपण्यापूर्वी सर्व ५०० गाड्यांची नोंदणी पूर्ण झाली. मागणी इतकी की उत्पादन तिपटीहून अधिक वाढले. १,००० चा टप्पा ओलांडल्यावर गाडी ‘गट ३’ मध्येही पात्र ठरली. विक्री विभागाची भीती निराधार निघाली.

२०/ तथापि इतिहासाचा उपरोध पाहा. उत्पादन १९७३ च्या उन्हाळ्यात थांबले आणि ऑक्टोबरमध्ये तेलसंकट कोसळले. पश्चिम जर्मनीत २५ नोव्हेंबर १९७३ पासून चार रविवारी खासगी मोटारी चालवण्यावर बंदी आली. महामार्गांवर ताशी १०० किमीची तात्पुरती मर्यादा लागू झाली. ताशी २४५ किमी धावणाऱ्या गाडीचा मालक काही महिने कायद्याने फोक्सवॅगन बीटलच्या बरोबरीने चालत होता.

२१/ कामगिरी हाच किमतीचा एकमेव आधार असता, तर त्या हिवाळ्यात कॅरेरा आरएसचे मोल शून्यावर यायला हवे होते. वेग हा केवळ यंत्राचा गुण नसतो. रस्ता, इंधन आणि कायदा यांनी परवानगी दिली तरच तो उपभोगता येतो. महागड्या गाडीचा खरेदीदार ही परवानगी विकत घेऊ शकत नाही.

२२/ आज स्पोर्ट रूपातील काही गाड्या लिलावात दहा लाख डॉलरच्या पलीकडे गेल्या आहेत. त्यावरून ‘म्हणजे ३४,००० मार्क रास्तच होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. आजची किंमत ही दुर्मिळतेची, आठवणींची आणि संग्राहकांच्या स्पर्धेची किंमत आहे. १९७२ च्या ग्राहकापुढे यांतले काहीच नव्हते. उत्तरकाळाच्या चष्म्यातून पूर्वकाळाचा निर्णय तपासणे हा इतिहासलेखनातील जुनाच दोष आहे.

२३/ दुर्मिळता आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा पोर्शेनेच पुढे दिला. २०१६ मध्ये ९११ आर ही ५०० अश्वशक्तीची, हाताने गिअर बदलण्याची गाडी केवळ ९९१ प्रतींत आली आणि दुय्यम बाजारात तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले. पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टमध्ये कंपनीने जीटी३ चे ‘टुरिंग’ रूप मांडले : मोठा पंख नाही, हाताने गिअर, संख्येची मर्यादा नाही आणि या पॅकेजला जादा पैसेही नाहीत. बरेचसे तेच सुख मर्यादेविना मिळू लागले.

२४/ तर मग निवाडा काय? १९७२ साली रोजच्या वापरासाठी वेगवान गाडी हवी असणाऱ्याला ९११ एस पुरेशी होती. केवळ कामगिरीच्या हिशेबात टुरिंगची वाढीव किंमत सिद्ध करणे अवघड आहे. शर्यतीत उतरू पाहणाऱ्याला मात्र आरएस अगदी स्वस्त होती, कारण तिच्याशिवाय त्या गटाचे दारच उघडत नव्हते.

२५/ आणि उरलेले बहुसंख्य? त्यांनी एका कर्तृत्वाशी नाते जोडण्याचे पैसे मोजले. ते नाते खरे होते तोवर किंमत रास्त होती. आज एखाद्या कंपनीने तसाच पंख, तशीच अक्षरे आणि तसाच आकडा दाखवून अधिक पैसे मागितले, तर अश्वशक्ती विचारण्याआधी एवढेच विचारावे : ही गाडी कोणत्या गरजेतून बांधली गेली आहे? उत्तर ‘किंमत वाढवण्याच्या’ एवढेच असेल, तर हिशेब तिथेच संपतो.